डोके खाली, पाय वर : शरीराला कितपत मानवते?

मल्लखांब शिकायला आलेल्या मुलाला सुरुवातीलाच उलटे व्हायला शिकावे लागते. हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे आणि मांड्यांची पकड खांबाला घट्ट घालायची. डोके जमिनीकडे. हिला साधी उडी म्हणतात. पुढच्या अढ्या, तेढ्या, बगल्या, दसरंग या प्रकारांचा पाया तीच. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मुले हे शिकत आली आहेत. आणि जिथे जिथे मल्लखांब आहे तिथे बाकावर बसलेल्या आईवडिलांचा प्रश्नही ठरलेला असतो : सर, डोक्यात रक्त तर उतरणार नाही ना?

हाच प्रश्न योगवर्गात शीर्षासनाच्या वेळी येतो. पाठदुखीने बेजार झालेला माणूस पाय अडकवून उलटे होण्याचे इन्व्हर्जन टेबल मागवायला निघतो तेव्हा घरचेही तेच विचारतात. उत्तरे मात्र दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो, उलटे झाल्याने मेंदूला जादा रक्त मिळते, बुद्धी तल्लख होते, केस काळे राहतात. दुसरा म्हणतो, मेंदूतली नस फुटेल. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण दोघेही ‘उलटे होणे’ ही एकच क्रिया धरून चालतात. खांबाला मांड्यांनी धरून राहणे, टाळूवर उभे राहणे, घोट्यांनी लटकणे आणि भिंतीला पाय लावून पडणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीत वजन वेगळ्या जागी पडते, वेळ वेगळा लागतो आणि धोकाही वेगळा असतो. वजन कशावर, वेळ किती, शरीर कोणाचे आणि शेजारी कोण उभे आहे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सुरक्षित की असुरक्षित हे ठरवता येत नाही.

नाशिककरांना या विषयाशी जवळीक वाटावी असे कारण इतिहासातही आहे. मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान पुण्यात आव्हान घेऊन आले, तेव्हा बाळंभटांनी ते स्वीकारले आणि मुदत मागून घेऊन नाशिकजवळच्या वणीच्या सप्तशृंगी गडावर अनुष्ठानाला बसले. देवीच्या कृपेने मारुतीने त्यांना खांबावरच्या उड्या आणि पकडी दाखवल्या, परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने मैदान सोडले, अशी परंपरा आहे. कथा श्रद्धेची आहे. मात्र खांबावर मेहनत करण्याची पद्धत तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या स्तंभश्रमाचा उल्लेख येतो. बाळंभटांनी या मेहनतीला शिस्तबद्ध विद्येचे रूप दिले. ही विद्या मुळात कुस्तीगिराची होती. प्रतिस्पर्ध्याने उचलून उलटे केले तरी ज्याचे भान सुटत नाही, ज्याच्या मांडीची पकड ढिली पडत नाही, तो मल्ल टिकतो. खांब हा त्याचा न थकणारा जोडीदार होता.

आता शरीरात काय घडते ते पाहू. उभ्या माणसाचा डोळा हृदयापासून साधारण ३० सेंटीमीटर वर असतो. रक्ताचा सुमारे १.३ सेंटीमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर दाब, या हिशेबाने उभे असताना डोक्यातला धमनीदाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा बावीस-तेवीस मिलिमीटरने कमी असतो. पूर्ण उलटे झाले की तोच तितक्याने जास्त होतो. म्हणजे डोक्याच्या दृष्टीने एकूण फरक चाळीसच्या वर जातो. एवढ्याने निरोगी मेंदूत पूर येत नाही. मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्याजवळ आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढल्याची खबर त्यांनी दिली की हृदय आपली गती कमी करते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. मेंदूच्या सूक्ष्म धमन्या स्वतःही आकसतात आणि रक्ताचा पुरवठा जवळपास पूर्वीइतकाच ठेवतात. म्हणून ‘मेंदूला जादा रक्त मिळते’ हा दावा टिकत नाही, आणि निरोगी माणसाची नस सहज फुटेल ही भीतीही टिकत नाही.

चेहरा लाल होतो, कपाळाच्या शिरा फुगतात, कानात ठणके पडतात, तो शिरांचा प्रकार आहे. पायांतून हृदयाकडे वर चढणारे रक्त अडवून धरायला शिरांमध्ये झडपा असतात. डोक्यातून येणाऱ्या रक्ताला एरवी खालीच उतरायचे असते, त्यामुळे तिथे तशी सोय फारशी नाही. उलटे झाल्यावर ते रक्त साचून राहते. काही मिनिटांसाठी हे केवळ अस्वस्थ करणारे असते. श्वास कोंडला तर मात्र छातीतला दाब वाढून साचणे आणखी वाढते. मल्लखांबाचे गुरू श्वास सोडायला सांगत राहतात, त्याला हे शरीरशास्त्रीय कारण आहे.

ज्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते इंद्रिय म्हणजे डोळा. निरोगी डोळ्याच्या आतला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर असतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी योगाभ्यास करणाऱ्या ७५ जणांचा हा दाब शीर्षासनात मोजला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाब दुपटीच्या आसपास गेला होता. पाय वर केल्यावर लगेच चढला आणि आसन सोडल्यावर उतरला. दिलासा देणारी बाब म्हणजे नेमाने शीर्षासन करणाऱ्यांमध्ये कायमचा वाढीव दाब जास्त आढळला नाही. त्याआधी अमेरिकेत १९८० च्या दशकात घोट्यांना बूट अडकवून लटकण्याची लाट आली होती, तेव्हा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लटकलेल्या माणसांच्या डोळ्यांतला दाब सुमारे १७ वरून ३३ वर गेल्याचे दिसले. पद्धत कोणतीही असो, डोळ्यावर परिणाम सारखाच.

ज्याच्या डोळ्याचा मज्जातंतू शाबूत आहे तो हा दुप्पट दाब काही मिनिटे सोसतो. काचबिंदू असलेल्याने तो सोसू नये. काचबिंदू दुखत नाही, बरीच नजर जाईपर्यंत कळतही नाही, हीच अडचण आहे. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या कमकुवत झालेल्या माणसालाही हेच लागू पडते. चाळिशीनंतर शीर्षासन नव्याने शिकायचे असेल, तर योगशिक्षकाकडे जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन दाब तपासून घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी जागा मान. इथे शीर्षासन आणि लटकणे यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. मानेचे सात मणके डोके तोलण्यासाठी घडलेले आहेत, आणि डोक्याचे वजन असते पाच किलोच्या आसपास. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात ४५ अनुभवी साधकांना दाब मोजणाऱ्या पाट्यांवर शीर्षासन करायला लावले, तेव्हा डोक्यावर शरीराच्या वजनाच्या ४० ते ४८ टक्के भार येतो असे दिसले. हे अनुभवी लोकांचे आकडे. साठ किलोच्या माणसाच्या टाळूवर चोवीस ते एकोणतीस किलो! नवशिक्या माणूस पाय झटक्याने फेकतो, तोल जातो आणि मान तिरकी असताना हा भार पडतो. शीर्षासनाची खरी दुखापत इथे होते. ‘डोक्यात रक्त उतरेल’ ही भीती बाळगणारे लोक मानेचा विचारच करत नाहीत, याची मला खंत वाटते.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी यावर जे उत्तर शोधले ते मला फार मोलाचे वाटते. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या या योगाचार्यांनी भिंतीतल्या कड्यांना दोर बांधून, कमरेला आधार देऊन उलटे लटकवण्याची पद्धत विकसित केली. यात डोके मोकळे अधांतरी राहते आणि मानेवर भार येत नाही. उलट डोक्याच्या वजनाने मानेला हलका ताण मिळतो. ज्या माणसाला शीर्षासन करू देता येत नाही, त्यालाही अशा दोरावर काही काळ राहता येते. डोळ्याचा आणि रक्तदाबाचा प्रश्न मात्र दोरामुळे सुटत नाही.

मल्लखांबात भार मुख्यतः मांड्या, पोटऱ्या आणि पावले घेतात. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या फटीत दोरी धरली जाते. मान मोकळी असते. शिवाय तिथे कोणी निपचित लटकत नाही. स्नायू सतत काम करत असतात, शरीर उलटसुलट फिरत असते आणि सगळा संच मिनिट-दीड मिनिटात संपतो. त्यातही डोके सलग खाली नसते. म्हणून निरोगी मुलाच्या बाबतीत उलटे होण्याचा धोका मी अगदी किरकोळ मानतो. खरा धोका पडण्याचा आहे. खाली जाड गादी आहे का, नव्या उडीच्या वेळी गुरू हात देऊन उभे आहेत का, मुलाला उतरती नीट शिकवली आहे का, हे पालकांनी पाहावे. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिसत नसलेले मूल खांबावर उलटे होऊन सुखरूप उतरते, त्याला शिकवण्यातली शिस्त कारण आहे.

पाठदुखीसाठी उलटे लटकण्याचा विचार तर्काला धरून आहे. दोन मणक्यांमधली गादी दिवसभर वजनाखाली दबलेली असते. उलटे झाल्यावर शरीराच्याच वजनाने ती जागा थोडी मोकळी होते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला गादी सरकलेल्या रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. लटकण्याचा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोकांची शस्त्रक्रिया टळली, तर फक्त व्यायाम केलेल्यांपैकी २२ टक्क्यांची. आकडे मोठे वाटतात, पण रुग्ण मोजून पंचविसाच्या आसपास होते. तेवढ्यावर घरोघरी टेबल आणावे असे म्हणता येत नाही. त्या चाचणीतले रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते, हे विकणारे सांगत नाहीत. घरी एकट्याने घोटे अडकवून उलटे झालेल्या साठीच्या गृहस्थाला चक्कर आली, पोटऱ्यांत गोळा आला, टेबल परत फिरले नाही तर तो काय करणार? घरी एकट्याने असे लटकण्याला माझा सरळ विरोध आहे.

आणि वेळ. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या नटी पुटी नावाच्या गुहेत एक तरुण अरुंद फटीत डोके खाली अशा अवस्थेत अडकला. बचावपथक त्याच्यापर्यंत पोचले होते, त्याच्याशी बोलत होते, तरी तो निघेना. सुमारे सत्तावीस तासांनी तो गेला. तो सव्वीस वर्षांचा धडधाकट माणूस होता. बराच काळ उलटे राहिले की पोटातले अवयव श्वासपटलावर दाबून बसतात, प्रत्येक श्वास कष्टाचा होतो, हृदयाला उलट्या दिशेने रक्त हाकावे लागते आणि शेवटी दोन्ही थकतात. उलटे टांगणे हा जगभर छळाचा प्रकार का झाला, याचे कारणही हेच. मिनिटांत जे शरीर हसतखेळत सांभाळते, ते तासांत त्याला मारते.

मग कुंभातल्या तपस्व्यांचे काय? झाडाला पाय बांधून लटकण्याचे तप फार जुने आहे. पाली जातकांतही वाघळासारखे लटकण्याच्या व्रताचा उल्लेख येतो. हठयोगप्रदीपिकेत विपरीतकरणीमागची कल्पना अशी : टाळूतला चंद्र अमृत गाळतो, नाभीतला सूर्य ते जाळून टाकतो आणि म्हणून माणूस म्हातारा होतो, वरचे खाली केले तर अमृत वाचते. रोज एक प्रहर, म्हणजे तीन तास, अभ्यास करणारा काळाला जिंकतो असेही तिथे म्हटले आहे. पण त्याच ग्रंथात पहिल्या दिवशी क्षणभरच करा, मग रोज थोडे वाढवा, असा इशारा आहे, आणि भूक प्रखर होते म्हणून भरपूर खा असेही सांगितले आहे. प्रहराचा आकडा सगळे सांगतात, क्षणाची अट कोणी सांगत नाही. साधूचे तप हा त्याच्या श्रद्धेचा आणि आयुष्यभराच्या सवयीचा भाग आहे. त्यात गृहस्थाने आरोग्याचा नमुना शोधू नये.

श्रद्धेकडून मोजमापाकडे जाण्याची वाटही महाराष्ट्रातूनच गेली, याचा मला अभिमान आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि आसनांमध्ये रक्तदाब मोजण्याचे प्रयोग त्याच दशकात छापले. नाशिकमध्ये विश्वास मंडलिक यांनी १९७८ पासून योग विद्या धामच्या रूपाने पद्धतशीर शिक्षणाची परंपरा उभी केली. असे शिक्षण उपलब्ध असलेल्या शहरात चित्रफीत पाहून शीर्षासन शिकण्याचे काही कारण नाही.

बायकांचा एक प्रश्न नेहमी अर्धवट राहतो : पाळीत उलटे व्हावे का? अय्यंगार परंपरेत त्या दिवसांत उलटी आसने करू नयेत असे शिकवतात. रक्त उलटे फिरून आजार होतो, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. पण थोडे रक्त बीजनलिकांतून पोटात जाणे ही बहुतेक स्त्रियांमध्ये, आसने न करताही घडणारी गोष्ट आहे, आणि काही मिनिटे उलटे झाल्याने अपाय होतो याला ठोस पुरावा नाही. थकवा असेल, नको वाटत असेल तर करू नये. करावेसे वाटले तर धाकही बाळगू नये. गरोदरपणात मात्र हे नव्याने शिकू नये.

गोदाकाठच्या शहरात आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पाय धरून उलटे करायचे, गरगर फिरवायचे, पोटावर दाबून पाणी काढायचे, ही समजूत अजून गेलेली नाही. हे अत्यंत घातक आहे. फुप्फुसात गेलेले पाणी उलटे टांगून निघत नाही. पोटातले निघते आणि तेच श्वासनलिकेत शिरते. या झटापटीत ज्या मिनिटांत श्वास द्यायला हवा ती मिनिटे संपतात. श्वास थांबलेल्या माणसाला सपाट जमिनीवर उताणे निजवावे, तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावे आणि १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगावे. तान्ह्या बाळाच्या घशात काही अडकले तर त्याला हाताच्या पुढच्या भागावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून पाठीत पाच थापा द्याव्यात. घोट्याला धरून लोंबकळवू नये. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक उतरतील. घाटावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे आतापासून शिकवायला हवे.

माझे मत असे. निरोगी मूल किंवा तरुण, शिकवणारा शेजारी, मान मोकळी आणि वेळ मिनिटांत मोजण्याइतका, एवढे असेल तर उलटे होणे सुरक्षित आहे आणि अंगाला तोल, पकड आणि धीर देणारेही आहे. रक्तदाब ताब्यात नसेल, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, हृदय दुर्बळ असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. अन्न घशाशी येणाऱ्यालाही यात सुख नाही. अशांना जमिनीवर निजून पाय भिंतीला टेकवणे पुरेसे आहे. आणि उलटे झालेल्या प्रत्येकाने सावकाश सरळ व्हावे, कारण सैलावलेल्या रक्तवाहिन्या झटकन आकसत नाहीत आणि एकदम उठले की घेरी येते.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्ये आहे, आणि वर्षानुवर्षे रोज उलटी होणारी मुलेही याच शहरात आहेत. चेन्नईत शीर्षासन करणाऱ्यांचे डोळे तपासले गेले, तसे मल्लखांब करणाऱ्या मुलामुलींचे डोळे, मान, कणा आणि रक्तदाब पहिल्या उडीपासून दहा वर्षे नोंदवले जावेत. विद्यापीठाने आणि व्यायामशाळांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे, आणि पालकांनी त्यासाठी आपल्या मुलांची नावे द्यावीत.